चिकट देठांची रानफुले : कॅम्पियन आणि कॅचफ्लाय

मित्रहो, कोल्हापुरातील बागप्रेमींना कार्नेशन आणि डायंथस चांगले परिचयाचे आहेत, आणि फुलांच्या गुच्छातील पांढरी नाजूक जिप्सोफिलाही सर्वांनी पाहिलेली आहे. याच कुळातील सर्वांत मोठी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, सायलीन ही आहे. युरोपात तिच्या जातींना कॅम्पियन किंवा कॅचफ्लाय म्हणतात आणि त्यांची संख्या सातशेच्या वर आहे. पूर्वी लिक्निस ही वेगळी प्रजाती मानत असत. आता बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ तिचा समावेश सायलीनमध्येच करतात, परंतु बियांच्या पाकिटांवर लिक्निस आणि व्हिस्कारिया ही जुनी नावे अजून आढळतात. भारतात या प्रजातीचे मुख्य घर हिमालय आहे, आणि तिची एक जाती पंजाबातील गव्हाच्या शेतांत तण म्हणून उगवते.

मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. कोणत्या कीटकाला मधुरस द्यायचा आणि कोणाला दूर ठेवायचे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून या फुलांचे रूप घडलेले आहे. आणि बागेसाठी वाण निवडतानाही आपण हाच प्रश्न विचारला पाहिजे.

या वनस्पतींची पाने समोरासमोर येतात आणि पेरी फुगीर असतात. पुष्पकोशाची दले एकमेकांना जुळून नळी तयार होते व पाच पाकळ्या त्या नळीच्या तोंडाशी पसरतात. मधुरस तळाशी असल्यामुळे लांब सोंडेच्या कीटकालाच तो सहज मिळतो, आणि जाता-येता त्याच्या अंगाला पराग लागतो. मुंगी देठावरून चढून आली तर मधुरस जाईल आणि परागीभवन मात्र होणार नाही. म्हणूनच अनेक जातींच्या देठावर किंवा पुष्पकोशावर चिकट स्राव असतो. व्हिस्कारियामध्ये तो वरच्या पेऱ्यांच्या खाली गडद पट्ट्यांच्या रूपात दिसतो, आणि बोट लावले की लगेच जाणवतो.

हा चिकटपणा आपल्याला नवा नाही. चित्रकाच्या पुष्पकोशावरील ग्रंथी हाताला चिकटतात, पिवळ्या तिळवणीचे अंगही चिकट असते. परंतु आपल्या सड्यांवर पावसाळ्यात दिसणाऱ्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीशी कॅचफ्लायची गल्लत करू नये. दवबिंदू पकडलेला कीटक पचवते आणि निकस जमिनीत न मिळणारे नत्र त्यातून मिळवते. कॅचफ्लायला चिकटलेल्या माशीपासून पोषण मिळते, असे सिद्ध झालेले नाही. तिचा चिकटा हा राखणदार आहे.

पांढऱ्या कॅम्पियनची कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला ती या प्रजातीतील सर्वांत विलक्षण वाटते. तिची फुले संध्याकाळी उमलतात आणि सुगंधाने निशाचर पतंगांना बोलावतात. नर आणि मादी झाडे वेगळी असतात. माणसाप्रमाणेच तिच्यातही एक्स आणि वाय गुणसूत्रे लिंग ठरवतात, हे 1923 मध्ये प्रसिद्ध झाले. हॅडेना बायक्रुरिस या पतंगाची मादी फुलातील मधुरस घेताना परागीभवन करते आणि त्याच फुलात अंडे घालते; अंड्यातून निघालेली अळी पुढे बोंडातील बिया खाते. म्हणजे ज्याला आत घेतले, त्याची किंमतही झाडालाच मोजावी लागते. याच पाहुण्यांबरोबर काणी रोगाची बुरशीही येते. तिची लागण झालेल्या मादी फुलात बीजांडकोशाची वाढ खुंटते, पुंकेसर उगवतात आणि परागाऐवजी बुरशीचे काळपट बीजाणू भरतात. पराग नेणारा कीटक मग नकळत रोगच वाहून नेतो.

तांबडी कॅम्पियन दिवसा उघडी असते आणि भुंग्यांच्या स्वाधीन असते. अमेरिकेतील शेंदरी फायर पिंकला गंध नाही, कारण तिचा पाहुणा गुंजनपक्षी आहे.

आता बागेतील वाणांकडे येतो. तांबड्या कॅम्पियनचा आणि व्हिस्कारियाचा भरगच्च पाकळ्यांचा डबल वाण युरोपात मानाने लावतात. परंतु डबल फुलात पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात, त्यामुळे पराग कमी होतो, अनेकदा बी धरतच नाही, आणि कीटकाला तळापर्यंत पोहोचणेही अवघड जाते. असे फूल अधिक दिवस टिकते हे खरे. तरीही एकेरी फुलाच्या दुभंगलेल्या पाकळ्या आणि त्यांच्या मुळाशी असलेले नाजूक शल्क यांची रेखीव रचना त्यात हरवते, आणि माझे मत ठामपणे एकेरी फुलाच्या बाजूने आहे.

कोल्हापूरच्या हवेत काय लावावे, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. रशिया आणि मध्य आशियातून आलेली लालभडक माल्टीज क्रॉस कडक थंडीत विश्रांती घेणारी आहे, तिच्या मागे लागू नये. ‘रोज कॅम्पियन’ या जातीची रुपेरी, लोकरीसारखी पाने अत्यंत सुंदर असली, तरी ती कोरड्या उतारावरची वनस्पती आहे. आपल्या पावसाळ्यात तिची पाने कुजतात, म्हणून ती कुंडीत लावून छपराखाली ठेवावी. वर्षायू जाती मात्र हिवाळी फुले म्हणून जरूर कराव्यात : खाली झुकणाऱ्या गुलाबी फुलांची सायलीन पेंडुला, घोसांनी फुलणारी सायलीन आर्मेरिया, आणि निळसर छटांत मिळणारी वर्षायू व्हिस्कारिया.

परतीचा पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरअखेरीस, बी पेरावे. ते बारीक असते, म्हणून वर मातीचा अगदी पातळ थर पुरतो. आपली काळी माती पाणी धरून ठेवते; तीत भरपूर वाळू किंवा मुरूम मिसळून वाफा उंच करावा. शेणखताचा हात आखडता ठेवावा, नाहीतर पाला माजतो आणि देठ कोलमडतात. पाणी सकाळी, मुळाशी द्यावे. उन्हे तापू लागली की झाडे संपतात, तेव्हा बोंडांच्या तोंडाशी असलेले बारीक दात उलगडण्याच्या आधीच, रंग तपकिरी होताच, ती कागदी पिशवीत खुडून घ्यावीत. उशीर झाला तर वाऱ्याच्या झोताने बी वाफ्यातच सांडते.