पाणी कधी चढलं?

नमस्कार, श्रोतेहो. विज्ञान कसं शिकवावं, यावर चार शब्द बोला, असं मला सांगितलंय. माझं जे काही तत्त्वज्ञान आहे ते एका मेणबत्तीपाशी सुरू झालं, तेव्हा तीच गोष्ट सांगते.

प्रयोग तुम्हीही केला असेल. बशीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. कारण सगळ्यांना पाठ: ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन एक पंचमांश, म्हणून पाणीही एक पंचमांश. पंधरा वर्षं मी हेच शिकवलं. फळ्यावर लिहून, खाली दोन रेघा मारून.

त्या दिवशी सातवीचा वर्ग होता. पंखे बंद, सगळे घामाघूम. (मेणबत्तीच्या प्रयोगाला पंखा बंद करावा लागतो हे ज्यांच्या गावी नसतं, तेच लोक प्रयोगशाळांचे नकाशे काढतात, असं माझं मत आहे. असो.) मागच्या बाकांना दिसावं म्हणून पाण्यात निळी शाई टाकली होती. ज्योत विझली, निळं पाणी सर्रकन वर गेलं, मुलांनी टाळ्या पिटल्या, मी खडू उचलला. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली,

"बाई, पाणी उशिरा चढलं."

"उशिरा म्हणजे गं?"

"जळत होती तेव्हा नाही चढलं. विझली, मग चढलं. ऑक्सिजन तर जळतानाच संपतो ना?"

खडू हातातच राहिला. पंधरा वर्षं तोच प्रयोग करत होते, आणि पाणी नेमकं कधी चढतं हे मी एकदाही बघितलं नव्हतं. उत्तर माहीत होतं ना, मग बघायचं कशाला!

म्हटलं, परत करूया. या वेळी मुलं बशीला नाक लावून. एकाने सांगितलं, ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे आले. कुणीतरी म्हणालं, तीन मेणबत्त्या लावूया. लावल्या. ग्लास तोच, म्हणजे ऑक्सिजन काही वाढलेला नाही. आणि पाणी आधीपेक्षा बरंच वर! एक पंचमांशाचा हिशेब तिथेच बुडाला.

कारण थोडक्यात सांगते. ज्योतीने हवा तापते, फुगते, थोडी बुडबुड्यांतून निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन वापरला जातो, पण बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतोच की. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हाही आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. पुन्हा सांगते, सगळा संपत नाही.

तेव्हापासून माझ्या वर्गात काय झालं आणि कधी झालं, हे मुलं आधी स्वतःच्या शब्दांत लिहितात. का झालं, ते नंतर. निरीक्षण आधी, कारण नंतर. प्रयोगवहीत निरीक्षण घरूनच लिहून आणणारी मुलं असतात. त्यांच्यावर माझा राग नाही, सुबक वहीला मार्क देणाऱ्यांवर आहे. अक्षर चांगलं हवंच. मी अजून शाईच्या पेनाने लिहिते, बॉलपेनाने अक्षर बिघडतं हे माझं जुनं भांडण आहे. पण ते मार्क निरीक्षणाचे कसे?

मायकेल फॅराडेने 1860 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली, सहाच्या सहा मेणबत्तीवर. आम्ही ती एका तासिकेत उरकतो, वर स्वाध्यायही देतो.

घरी करून बघणार असाल, तर लहान मुलांजवळ मोठं माणूस असू द्या. आणि ग्लास ठेवला की सगळ्यांची नजर ज्योतीवर जाते. तुम्ही पाण्याकडे बघा. नमस्कार.