गोळी थांबवल्यानंतरची जळजळ

इंदूरमधल्या अनेक मराठी घरांत सकाळी पोह्यांना फोडणी पडण्याच्या आधी एक गोळी घेतली जाते. तिला कोणी गॅसची गोळी म्हणतात, कोणी पित्ताची. औषधाच्या दुकानात तिचे नाव सांगण्याचीही गरज पडत नाही. रिकामी पट्टी दाखवली की नवी मिळते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल ही या कुळातली औषधे. ती काही आठवडे घ्यायची म्हणून सुरू होतात आणि बरेचदा वर्षानुवर्षे चालू राहतात. ती थांबवताना शरीरात काय घडते, हा या माहितीपटाचा विषय आहे.

पडद्यावर दिसतो आहे तो रामबागेत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला रुग्णालयातून घरी सोडताना मिळालेला कागद. मनगटाचे हाड मोडल्यामुळे त्यांना वेदनाशामक गोळ्या दिल्या होत्या, आणि त्या गोळ्यांनी जठराला इजा होऊ नये म्हणून सोबत पॅन्टोप्राझोल दिले होते. तो निर्णय योग्यच होता. वेदनाशामकापुढे ‘दस दिन’ असे लिहिले आहे, प्रतिजैविकापुढे ‘पाँच दिन’. पॅन्टोप्राझोलपुढे मात्र ‘सुबह खाली पेट’ एवढेच आहे. किती दिवस, ते नाही. हाड जुळले, वेदनाशामक बंद झाले, ही गोळी मात्र चालू राहिली.

या औषधांची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. ओमेप्राझोल १९८८ साली युरोपात बाजारात आले. त्यापूर्वी वारंवार उलटणाऱ्या अल्सरसाठी शस्त्रक्रिया करण्याची वेळ पुष्कळांवर येत असे, आणि अन्ननलिकेला आतून जखमा झालेल्या रुग्णांना आराम पडणे फार अवघड होते. जठराच्या अस्तरातील काही पेशी आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप त्या पेशींवर असतात. ही औषधे त्या पंपांना कायमची चिकटतात. औषध रक्तातून काही तासांत निघून जाते, पण बंद पडलेला पंप पुन्हा चालू होत नाही. पेशीला नवे पंप घडवावे लागतात. म्हणूनच गोळी थांबवल्यावर पहिले एक-दोन दिवस काहीच जाणवत नाही आणि माणसाला वाटते की सुटलो.

त्रास सुरू होतो तो साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून. शिक्षिकाबाईंनी शेजारणीच्या सांगण्यावरून गोळी एकदम बंद केली, आणि चार दिवसांतच छातीत अशी जळजळ सुरू झाली, की जी त्यांना आयुष्यात पूर्वी कधी झाली नव्हती. आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येई. एका रात्री सुनेने त्यांना तातडीने दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घेतला, आणि ते अगदी योग्य केले, कारण छातीतली जळजळ ॲसिडिटीचीच आहे असे घरच्या घरी ठरवून कोणीही बसू नये. ईसीजी चांगला निघाला. दुसऱ्या दिवशी गोळी पुन्हा सुरू झाली, जळजळ थांबली, आणि घरात सर्वांनी एकच निष्कर्ष काढला की आईंना हे औषध जन्मभर लागणार.

हा निष्कर्ष तपासून पाहण्यासारखा आहे. जठरातील आम्ल कमी झाले की शरीर ते वाढवण्याच्या खटपटीला लागते. गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक रक्तात वाढते. ते जठरातील विशिष्ट पेशींना हिस्टामिन सोडायला लावते, आणि हिस्टामिन आम्ल तयार करणाऱ्या पेशींना चेतवते. गोळी दीर्घकाळ चालू असली तर हिस्टामिन सोडणाऱ्या त्या पेशींची संख्याच वाढते. पंप बंद असेपर्यंत या साऱ्या तयारीचा काही परिणाम दिसत नाही. गोळी थांबली, नवे पंप तयार झाले, की वाढलेली सगळी यंत्रणा एकदम कामाला लागते आणि आम्ल पूर्वीपेक्षाही जास्त स्रवते. ही अवस्था काही आठवडे टिकते, दीर्घकाळ औषध घेतलेल्यांत दोन महिन्यांहूनही अधिक, आणि नंतर ओसरते.

डेन्मार्कमधील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने फार मोलाचा आहे. ॲसिडिटीचा त्रास नसलेल्या १२० निरोगी व्यक्ती त्यांनी निवडल्या. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल आणि पुढचे चार आठवडे औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली. उरलेल्यांना बाराही आठवडे औषध नसलेलीच गोळी दिली. शेवटच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातील ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट ढेकर किंवा अपचनाचा त्रास झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. ज्यांना रोगच नव्हता त्यांना औषध थांबवल्यामुळे रोगाची लक्षणे आली. तेव्हा गोळी सोडल्यावर उठलेली जळजळ म्हणजे मूळ आजार शिल्लक असल्याचा पुरावा नव्हे, निदान पहिल्या काही आठवड्यांत तरी नव्हे. ही गोष्ट रुग्णाला आधी सांगितली गेली पाहिजे. ती न सांगता गोळी बंद करायला लावणे आणि त्रास झाल्यावर पुन्हा सुरू करणे, यात रुग्णाचा धीर विनाकारण खचतो.

शिक्षिकाबाईंच्या पोटविकारतज्ज्ञांनी नंतर दुसरा मार्ग धरला. चाळीस मिलिग्रॅमची गोळी वीसवर आणली, काही आठवड्यांनी ती एक दिवसाआड केली, आणि मधल्या दिवशी त्रास झालाच तर अँटासिडचे पातळ औषध किंवा फॅमोटिडीन हे आम्ल कमी करणारे दुसऱ्या प्रकारचे औषध घ्यायला सांगितले. फॅमोटिडीन रोज घेत राहिल्यास त्याचा प्रभाव कमी होतो, म्हणून ते गरजेपुरतेच. चाळीसची गोळी मोडून अर्धी घेण्याची चूक पुष्कळ घरांत होते; ती करू नये. गोळीवरचे आवरण जठरातील आम्लापासून औषधाचे रक्षण करण्यासाठी असते, आणि ते मोडले की औषध वाया जाते. वीसची गोळी वेगळी मिळते. काही डॉक्टर हळूहळू कमी न करता एकदम थांबवणेही पसंत करतात, आणि अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये दिलेल्या सल्ल्यात दोन्ही मार्ग मान्य केले आहेत. मात्र तात्पुरता त्रास होऊ शकतो हे रुग्णाला आधी सांगावे, असा त्यांचा आग्रह आहे.

या काळात जेवणाकडे लक्ष द्यावेच लागते, आणि इंदूरमध्ये ते सोपे नाही. सराफ्यातील खाऊगल्ली जागी होते तीच रात्री, आणि हिवाळ्यात गराडू या कंदाच्या तळलेल्या फोडींवर जिरावन मसाला भुरभुरलेला समोर आला की नाही म्हणणे जड जाते. पण पदार्थापेक्षाही वेळ महत्त्वाची आहे. रात्रीचे जेवण आणि झोपणे यांत तीन तासांचे अंतर, पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर ठेवून उंच करणे, डाव्या कुशीवर झोपणे आणि वजन जास्त असल्यास ते कमी करणे, यांचा उपयोग खरोखर होतो. नुसत्या दोन उशा घेतल्याने पोट दुमडते आणि त्रास वाढूही शकतो.

गोळी थांबवायचीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. दीर्घकाळच्या वापरात बी-१२ जीवनसत्त्व कमी होण्याची शक्यता वाढते. शाकाहारी आणि त्यातून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर त्याची तपासणी करून घ्यायलाच हवी. क्वचित रक्तातील मॅग्नेशियम घटते, आणि आतड्यांच्या जंतुसंसर्गाचा धोका थोडा वाढतो. हाडे, मूत्रपिंड आणि स्मृती यांविषयी मोबाइलवर फिरणारे भयंकर इशारे मात्र जसेच्या तसे घेऊ नयेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १७,५९८ रुग्णांना पॅन्टोप्राझोल किंवा औषध नसलेली गोळी देऊन सुमारे तीन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले, आणि आतड्यांच्या संसर्गाखेरीज कोणत्याही अपायात ठळक फरक आढळला नाही. भीतीपोटी औषध टाकून देण्याचे कारण नाही. गरज संपली असेल तर ते चालू ठेवण्याचेही नाही.

काहींची गरज संपलेली नसते. अन्ननलिकेला गंभीर जखमा झालेल्या, ती अरुंद झालेल्या किंवा तिच्या अस्तरात बॅरेट नावाचा बदल आढळलेल्या रुग्णांनी ही गोळी स्वतःहून सोडू नये. गिळताना अन्न अडकणे, काळी शौच, रक्ताची उलटी, वजन आपोआप उतरणे, यांपैकी काही असेल तर आधी दुर्बिणीची तपासणी. सुदामानगरमधील एका काकांना स्टेंट बसवला आहे आणि ते ॲस्पिरिनसोबत रक्ताची गुठळी होऊ न देणारे क्लोपिडोग्रेल घेतात. त्यांच्या जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका मोठा आहे, आणि ओमेप्राझोलमुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी त्यांना ओमेप्राझोलऐवजी पॅन्टोप्राझोल दिले आहे, आणि ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल ही दोन्ही चालू आहेत तोवर तेही चालू राहणार आहे.