मिलिमीटरभर फटीत

[दृश्य: मधोमध कापलेला साडेसहा इंची कार स्पीकर. कॅमेरा हळूहळू चुंबकाकडे.]

कापलेल्या स्पीकरमध्ये नजर आधी जाते ती कोनकडे, म्हणजे समोरच्या शंकूसारख्या पडद्याकडे, आणि मागच्या जाडजूड चुंबकाकडे. जरा आत बघा. पोलादाची वरची तबकडी आणि मधला खांब यांच्यामध्ये एक गोल फट आहे, जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर रुंद. तांब्याच्या तारेची व्हॉईस कॉइल या फटीत पुढे-मागे धावते, कुठेही न घासता. चुंबक, पोलाद आणि कॉइल मिळून होते ती स्पीकरची मोटर. कोन कागदाचा की कार्बन फायबरचा, यावर तासन्‌तास चर्चा होते. पण गाडीतला आवाज स्वच्छ की गढूळ, याचा बराचसा निकाल या फटीत लागतो, असं माझं ठाम मत आहे.

कॉइलमधून प्रवाह गेला की चुंबकीय क्षेत्र तिच्यावर बल लावतं. ते बल किती, हे फटीतलं क्षेत्र किती तीव्र आणि त्या क्षेत्रात तार किती लांब, यावर ठरतं. या दोन्हींच्या गुणाकाराला म्हणतात बीएल. जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेली रचना मूळ रूपात आजही तीच आहे. बदललं ते चुंबक. आधी विजेवर चालणारं, मग अल्निको, मग स्वस्त फेराइट. आणि १९८३ मध्ये नियोडिमियम चुंबक जगासमोर आलं, तेही एकाच वेळी दोन ठिकाणांहून: जपानच्या सुमितोमोमधून आणि जनरल मोटर्स या गाड्या बनवणाऱ्या कंपनीतून.

[दृश्य: दाराचं पॅनेल काढलेली गाडी. काच खाली येते.]

गाडीच्या दारात नियोडिमियमचं महत्त्व लगेच कळतं. काच खाली येते, तिच्या आणि पॅनेलच्या मधल्या चिंचोळ्या जागेत स्पीकर बसवायचा असतो. फेराइटच्या मानानं कितीतरी लहान नियोडिमियम तेवढंच काम करतं. पण मोटर उथळ झाली की कॉइलला मागे जायला जागाही कमी उरते, आणि जोराच्या बासला ती मागच्या तबकडीवर आदळू शकते.

मोठं चुंबक म्हणजे भारी स्पीकर, हा समज मात्र सोडायला हवा. पोलाद एका मर्यादेपर्यंतच चुंबकीय प्रवाह वाहून नेतं. ते संपृक्त झालं की चुंबक आणखी वाढवून फटीत फारसं काही पोहोचत नाही. शिवाय मोटर जितकी ताकदवान, तितकी ती कोनला अनुनाद वारंवारतेपाशी, म्हणजे तो आपोआप जास्तीत जास्त डोलतो त्या वारंवारतेपाशी, घट्ट आवरून धरते. मोजून बांधलेल्या खोक्यात हे उपयोगी पडतं. दाराच्या ऐसपैस पोकळीत मात्र अशा स्पीकरचा बास चक्क रोडावतो.

मग चांगली मोटर कोणती? जिचं बीएल कॉइल सरकली तरी बदलत नाही, ती.

[दृश्य: आलेख. मधे सपाट, दोन्ही टोकांना उतरणारी वक्ररेषा.]

समजा तबकडी ६ मिलिमीटर जाड आणि कॉइल १२ मिलिमीटर उंच आहे. कॉइल कुठल्याही बाजूला ३ मिलिमीटर गेली तरी फट तारेनं पूर्ण भरलेली राहते. त्यापुढे गेली की तार क्षेत्राबाहेर निघते आणि बीएल घसरतं. प्रवाह तोच, पण जोर कमी. आणि ३ मिलिमीटर फार नाहीत. तेवढाच आवाज हवा असेल, तर वारंवारता निम्मी झाल्यावर कोनची हालचाल चौपट व्हावी लागते. ८० हर्ट्झला १ मिलिमीटर सरकणारा कोन ४० हर्ट्झला ४ मिलिमीटर सरकतो.

आता गाडीतली खरी अडचण बघा. दारातला तो एकच स्पीकर बासही वाजवतो आणि गायकाचा आवाजही. बासनं कॉइल फटीच्या टोकाला नेली, की त्या क्षणी गायकाच्या स्वरालाही कमी जोर मिळतो. कुणी गायकाचे खांदे धरून ठेक्यावर हलवावेत, तसा स्वर हिंदकळतो. याला इंटरमॉड्युलेशन विकृती म्हणतात, आणि कानाला ती निव्वळ बासच्या विकृतीपेक्षा कितीतरी जास्त टोचते.

कॅटलॉगमध्ये हे सापडत नाही. तिथले आकडे थील आणि स्मॉल या अभियंत्यांच्या पद्धतीचे असतात. ते अगदी बारीक सिग्नलवर, कॉइल जवळजवळ जागच्या जागी असताना मोजलेले असतात. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या वोल्फगांग क्लिपेल यांनी हलत्या कॉइलचं मापन रुळवलं: लेझरनं कोनची जागा टिपायची आणि प्रत्येक जागी बीएल किती उरलं ते काढायचं. विश्रांतीच्या जागेवरच्या किमतीच्या ८२ टक्क्यांवर ते उतरलं, की सुमारे १० टक्के विकृतीची हद्द आली असं धरतात. मी तर बीएलच्या आलेखातल्या रेषेची सममिती आधी बघतो. रेषा एका बाजूला कललेली असेल, तर मधला खांब तबकडीच्या वर वाढवून फटीबाहेरचं क्षेत्र दोन्हीकडे सारखं करता येतं. कारखान्यात कॉइल चिकटवताना ती अर्धा-एक मिलिमीटर सरकली, तरी ही मेहनत वाया जाते.

[दृश्य: खांबावरची तांब्याची टोपी, अगदी जवळून.]

ही तांब्याची टोपी शोभेची नाही. कॉइल आत गेली की तिच्या पोटात लोखंड जास्त येतं आणि तिचं प्रवर्तकत्व, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतं. बाहेर आली की घटतं. म्हणजे बासच्या प्रत्येक हेलकाव्यासोबत वरच्या पट्टीतले स्वर मंद-तेज होत राहतात. शिवाय कॉइलचा स्वतःचा प्रवाह फटीतलं क्षेत्रही डळमळवतो. तांब्यात उलटे प्रवाह निर्माण होतात आणि दोन्ही गोष्टींना लगाम बसतो. टोपीसाठी फट थोडी रुंद करावी लागते, क्षेत्र थोडं कमी होतं. हा सौदा मला नेहमी फायद्याचा वाटतो.

उरली उष्णता. दिलेल्या विजेपैकी एक टक्क्याच्या आसपास, बरेचदा त्याहूनही कमी, ध्वनी होते; बाकीची कॉइल तापवते. कॉइल १०० अंशांनी तापली, तर तांब्याचा रोध सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो, प्रवाह घटतो आणि आवाज दबतो. नियोडिमियमचे साधे प्रकार साधारण ८० अंशांपर्यंतचेच असतात, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीच्या दारात मोटरमधून हवा खेळती राहणं फार महत्त्वाचं.

[दृश्य: चालकाच्या जागेवर बसलेला श्रोता.]

ही परीक्षा कानांनीही घेता येते. खोल बास आणि त्यावर लांबवलेला स्वर असं गाणं लावा. आवाज वाढवत जा, पण लक्ष बासकडे नको, स्वराकडे ठेवा. बासच्या ठोक्याला स्वर थरथरला, तर ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचे स्वर अडवणारा फिल्टर, लावा, खालचा भाग सबवूफरकडे, म्हणजे खास बाससाठीच्या स्पीकरकडे, सोपवा आणि तेच गाणं पुन्हा ऐका. स्वर स्थिर झाला, तर नवा स्पीकर घ्यायची गरज नाही. थरथर तशीच राहिली, तर आधी दाराच्या पॅनेलचे स्क्रू तपासा.