दुसरा पालक कुठे गेला?

[पडद्यावर छातीचा एक्स-रे. शेजारी एक ओळ : विषाणूजन्य न्यूमोनिया]

हे निदान डॉक्टरांना वाचताक्षणी कळतं. संगणकाला मात्र सांगावं लागतं की हा फुफ्फुसाचा आजार आहे आणि विषाणूचा संसर्गही आहे. अशी नाती नीट मांडून ठेवलेला संग्रह म्हणजे ऑन्टॉलॉजी.

१९९८ साली यीस्ट, फळमाशी आणि उंदीर यांच्या जनुकांवर काम करणारे गट एकत्र आले आणि जीन ऑन्टॉलॉजी सुरू झाली. त्याच कामातून ‘ओबीओ’ हा साधा, डोळ्यांनी वाचता येणारा फाइल-प्रकार पुढे आला. त्याच्या जोडीला तर्कशास्त्रावर उभी असलेली ‘आउल’ ही भाषा आली. रुग्णनोंदींची देवाणघेवाण मात्र आता ‘फायर’ या मानकात होऊ लागली आहे. म्हणजे ओबीओ-आउलमधून फायरमध्ये रूपांतर आलंच.

[कोडची ओळ मोठी होत जाते]

अडचण पहिल्याच ओळीत भेटते. मानवी लक्षणांच्या ऑन्टॉलॉजीत झटक्यांचा (फिट येण्याचा) कोड आहे ‘एचपी’, मग कोलन, मग ०००१२५०. त्याच्याच वेबपत्त्यात कोलनच्या जागी अंडरस्कोर असतो. दोन प्रणालींनी दोन रूपं उचलली, की जुळणी फसली. पण ही चूक किमान लवकर दिसते तरी.

न दिसणारी चूक जास्त महाग पडते. फायरच्या कोडसूचीत संकल्पना एकीच्या पोटात एक अशा रचता येतात. तिथे प्रत्येकीला एकच पालक, म्हणजे तिला पोटात घेणारी मोठी संकल्पना, मिळतो. आपल्या न्यूमोनियाला तर दोन हवेत! दुसरा पालक वेगळा गुणधर्म म्हणून नोंदवायची सोय आहे, पण घाईत तो गळतो. फाइल तपासणीत पास होते, कुठेही लाल खूण उमटत नाही. पुढे कुणी ‘विषाणूसंसर्गाचे सगळे रुग्ण’ मागितले, की हे रुग्ण यादीत नसतात.

शिवाय, आउलमधली कित्येक नाती थेट लिहिलेलीच नसतात. व्याख्यांवरून ती ‘रीझनर’ नावाचं सॉफ्टवेअर काढतं. म्हणून आधी रीझनर चालवायचा, मगच रूपांतर. हा क्रम उलटला, तर न लिहिलेली नाती मागेच राहतात.

[दोन खिडक्या : डावीकडे मूळ, उजवीकडे रूपांतरित]

म्हणून जाणकार मंडळी फाइल उघडली यावर समाधान मानत नाहीत. दोन्हीकडे तेच प्रश्न विचारून उत्तरं ताडून पाहतात. फायरमध्ये त्यासाठी ‘सबस्यूम्स’ ही क्रिया आहे : हा कोड त्या कोडच्या पोटात येतो का? न्यूमोनियाबद्दल ते दोनदा विचारतात. एकदा फुफ्फुसाच्या आजारासाठी, एकदा विषाणूसंसर्गासाठी.