पत्ता उलटल्यानंतर

पडद्यावर पिसले जात असलेले हे 78 पत्ते टॅरोचे, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चित्रमय पत्त्यांच्या संचाचे आहेत. त्यांपैकी 22 मुख्य पत्ते ‘मेजर अर्काना’ म्हणून ओळखले जातात आणि उरलेले 56 वँड्स (काठ्या), कप्स (पेले), स्वॉर्ड्स (तलवारी) व पेंटॅकल्स (नाणी) या चार गटांत विभागलेले असतात. पत्ते पिसणारी ही स्त्री भविष्य विचारत नाही. ‘ही नोकरी मला मिळेल का’ हा प्रश्न बाजूला सारून ‘या नोकरीबाबत मी कशाकडे पाहणे टाळते आहे’ असा प्रश्न ती मनाशी धरते आणि एकच पत्ता काढते.

आलेला पत्ता आहे फाइव्ह ऑफ कप्स. काळा झगा पांघरलेली एक आकृती मान खाली घालून उभी आहे. तिच्यासमोर तीन पेले कलंडलेले आहेत, पाठीमागे दोन शाबूत आहेत, आणि पलीकडे नदी व तीवरचा पूल दिसतो. सोबतची पुस्तिका उघडण्याआधी या चित्राकडे काही वेळ नुसते पाहत राहावे, असा आमचा आग्रह आहे. कारण नजर आधी सांडलेल्या पेल्यांवर खिळली की पुलाकडे गेली, यावरून त्या दिवशीच्या मनाचा जो अंदाज येतो, तो छापील अर्थातून क्वचितच येतो. तारीख, प्रश्न, पत्त्याचे नाव आणि प्रथम काय नजरेत भरले, एवढे ही स्त्री वहीत लिहून ठेवते.

असे पाहणे शक्य झाले ते मुख्यतः एका चित्रकर्तीमुळे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत टॅरो हा पत्त्यांचा खेळ होता. 1781 मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने त्याचे मूळ प्राचीन इजिप्तमध्ये असल्याचे लिहिले. त्याला पुरावा नव्हता, तरी पत्त्यांभोवती गूढतेचे वलय मात्र तयार झाले. तोवरच्या बहुतेक संचांत आकड्यांच्या पत्त्यांवर केवळ तितके पेले किंवा तितक्या तलवारी काढलेल्या असत. 1909 मध्ये लंडनमधील रायडर या प्रकाशनाने काढलेल्या संचासाठी आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ यांनी या साध्या पत्त्यांवरही माणसे, घरे आणि प्रसंग रंगवले. पुढे हा संच जगभर रायडर आणि वेट यांच्याच नावाने ओळखला गेला. स्मिथ यांची खूण पाहायची असेल, तर ती इथे, पत्त्याच्या कोपऱ्यातील या लहानशा आद्याक्षरांत आहे.

दुसऱ्या मेजावर मांडलेली ओरॅकल कार्डे, म्हणजे टॅरोसारखीच प्रश्न मनाशी धरून काढायची वेगळ्या प्रकारची कार्डे, मात्र कोणत्याही ठरावीक रचनेत बसत नाहीत. संख्या, विषय आणि चित्रे प्रत्येक निर्माता स्वतः ठरवतो. नवख्या व्यक्तीला ती सोपी वाटतात, परंतु अनेक कार्डांवर संदेश आधीच छापलेला असल्याने पाहणाऱ्याच्या स्वतःच्या विचाराला तिथे कमी वाव उरतो, असे आम्हाला वाटते.

मनाजोगता पत्ता येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढत राहिल्याने अस्वस्थता वाढते, आणि आजारपणाचे किंवा पैशाचे निर्णय पत्त्यांवर सोडू नयेत.

महिनाअखेरीस ही वही पहिल्या पानापासून वाचली जाते. त्या वेळी पत्त्यांची नावे झाकून फक्त प्रश्नांच्या ओळी वाचाव्यात. एकच प्रश्न शब्द बदलून किती पानांवर आला आहे, ते तेव्हा लक्षात येते.