बोझमनची खिंड

नमस्कार. यलोस्टोनला जाऊन आलेल्यांनी हात वर करा म्हटलं, तर या सभागृहात पाच-सहा हात नक्की वर येतील. त्यांतले काही बोझमनच्या विमानतळावर उतरले असतील, गाडी भाड्याने घेऊन थेट दक्षिणेला निघाले असतील. पहिल्या खेपेला मीही तेच केलं. पुढे मुलगी तिथल्या विद्यापीठात शिकायला गेली, दोनदा महिना-महिना राहणं झालं, आणि तेव्हा कळलं की आपण वेशीवरूनच परत फिरलो होतो.

बोझमन अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, गॅलाटिन नदीच्या खोऱ्यात, साधारण 1,460 मीटर उंचीवर आहे. उत्तरेला ब्रिजर पर्वत, दक्षिणेला गॅलाटिनच्या रांगा. 1893 साली इथे राज्याचं शेतकी कॉलेज निघालं. तेच आजचं मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटी. विद्यार्थी 16 हजारांवर आहेत, त्यामुळे गावाचा दिनक्रमच कॉलेजच्या तालावर चालतो. ब्रिजरच्या उतारावर पांढऱ्या दगडांचं मोठं ‘एम’ अक्षर दिसतं. ते 1915 साली विद्यार्थ्यांनी रचलं. वर जायला एक खड्या चढणीची वाट आहे आणि एक वळणावळणाची. गुडघे बोलत असतील तर दुसरी धरा. वर पोचलात की सगळं खोरं ताटासारखं समोर येतं.

त्या ताटाकडे बघताना मला नेहमी एक बाई आठवते. जुलै 1806. पश्चिमेच्या शोधमोहिमेवर पॅसिफिकपर्यंत जाऊन कॅप्टन विल्यम क्लार्क आपल्या तुकडीसह परत निघाला होता आणि या खोऱ्यात आला होता. पुढे पूर्वेला डोंगर आडवे. ईशान्येकडे एक खिंड दिसत होती, तिकडे पायवाटाही जात होत्या. तुकडीत साकागाविया नावाची शोशोनी या आदिवासी जमातीतली तरुणी होती, जेमतेम दीड वर्षाचं पोर बरोबर घेऊन चाललेली. ती म्हणाली, त्या खिंडीने नको, दक्षिणेकडच्या खिंडीने चला. क्लार्कने 13 जुलैच्या रोजनिशीत ते नोंदवलं आहे, आणि या मुलखात वाटाड्या म्हणून तिचा फार उपयोग झाला, असंही लिहिलं आहे. तिला ही वाट कशी ठाऊक? इथून पश्चिमेला तासाभराच्या आत थ्री फोर्क्स आहे. तीन नद्या एकत्र येऊन तिथे मिसूरी सुरू होते. तिथेच, ती लहान मुलगी असताना, हिदात्सा टोळीने तिला पळवून नेलं होतं. हा मुलूख तिच्या लहानपणचा होता. दोन दिवसांनी तुकडी तिने सांगितलेल्या खिंडीतून पार झाली.

त्या खिंडीला आज नाव आहे बोझमन पास. ज्या जॉन बोझमनचं नाव खिंडीला आणि गावाला मिळालं, तो इथे आला त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षांनी. जॉर्जियात बायको आणि तीन मुली मागे ठेवून तो सोन्याच्या शोधात निघाला होता. सोन्याने काही त्याचं भलं झालं नाही. पण खाणींवर जमलेल्या हजारो माणसांना पीठ, बटाटे, भाजी लागणार, आणि हे खोरं ते पिकवू शकेल, हे त्याने ओळखलं. 1863-64 मध्ये त्याने पूर्वेकडून सोन्याच्या मुलखाकडे येणारी जवळची वाट आखली, आणि 1864 मध्ये गाव वसलं.

आता ही जवळची वाट कोणाच्या जमिनीतून जात होती, हे समजून घेतल्याशिवाय या गावाचा इतिहास कळत नाही. ती पावडर नदीच्या खोऱ्यातून, लाकोटा, शायान आणि अरापाहो लोकांच्या शिकारीच्या रानातून जात होती. गाड्यांचे तांडे आले, मागोमाग लष्कराच्या गढ्या आल्या. लाल मेघ, म्हणजे रेड क्लाउड, या लाकोटा पुढाऱ्याने लढा पुकारला. डिसेंबर 1866 मध्ये फोर्ट फिल कर्नीजवळ कॅप्टन फेटरमनच्या लष्करी तुकडीतले सगळे 81 जण मारले गेले. 1868 च्या तहाने सरकारला त्या वाटेवरच्या गढ्या सोडाव्या लागल्या आणि वाट बंद पडली. बोझमन त्याआधीच, एप्रिल 1867 मध्ये, तिशीतच यलोस्टोन नदीकाठी मारला गेला. कोणी मारलं, यावर आजही वाद आहे. गावातल्या सनसेट हिल्स दफनभूमीत त्याची कबर आहे.

गावातल्या म्युझियम ऑफ द रॉकीजला लोक डायनोसॉरसाठी जातात, आणि तेही जरूर पाहा. पण उन्हाळ्यात गेलात तर आवारातलं टिन्सली कुटुंबाचं 1889 सालचं लाकडी घर चुकवू नका. मी गेले तेव्हा लांब झग्यातली एक बाई लाकडाच्या चुलीवर पाव भाजत होती. भट्टी तापली का हे ती आत हात धरून, आकडे मोजत ठरवायची. माझी आजी तवा तापला का ते पाण्याचा शिपका मारून बघायची. मी तिला ते मोडक्या इंग्रजीत सांगितलं, तर तिने लगेच चुलीच्या पत्र्यावर पाणी शिंपडून पाहिलं.

आणि हायालाइट कॅनियन ही दरी. गावातून अर्ध्या-पाऊण तासात तळं लागतं, जवळच पॅलिसेड फॉल्स आहे. धबधब्यामागे ज्वालामुखीच्या खडकाचे उभे खांब आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचे वाटतात. या रानात अस्वलं आहेत, तेव्हा अस्वलासाठीचा तिखट फवारा घेतल्याशिवाय पाऊल टाकू नका. तो सॅकमध्ये नाही, कमरेला हवा. दुकानातल्या मुलाने रिकाम्या डब्यावर माझ्याकडून अंगठ्याने खटका मागे ओढायचा सराव दहा वेळा करून घेतला.

शेवटच्या दिवशी आम्ही खिंडीतून पलीकडच्या लिव्हिंगस्टन गावाकडे निघालो. एका अंगाला मालगाडीचे रूळ, आणि रस्ता हमरस्ता. मुलगी म्हणाली, आई, आलो बघ खिंडीत. मला घाट चढल्यासारखं वाटलंच नव्हतं. चढ इतका हळू आहे की गाडी कुठे दमत नाही. क्लार्कने लिहून ठेवलंय की इथून बायसनच्या कळपांनी मळलेली जुनी वाट जात होती. साकागावियाने त्यांना त्याच वाटेवर नेलं होतं.