भावाचा पुतळा, बहिणीची सिंफनी

(दृश्य: पॅरिस, बास्तील चौक. कॅमेरा खांबावरून सावकाश वर सरकतो.)

या खांबाच्या टोकावर एका पायावर तोललेला, पंखांचा, सोनेरी तरुण दिसतोय ना? हा पुतळा ओग्युस्तँ द्युमाँ या शिल्पकाराचा. खांब उभा राहिला 1840 मध्ये. चौकात आलेला माणूस मान वर करून तो बघतोच.

ओग्युस्तँच्या धाकट्या बहिणीने पुढच्याच वर्षी आपली पहिली सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची लांब रचना, पुरी केली. मग आणखी दोन लिहिल्या. ती असेपर्यंत त्यांतली एकही छापली गेली नाही.

तिचं नाव लुईझ. जन्म पॅरिसचा, 31 मे 1804. घर शिल्पकारांचं, वडीलही शिल्पकारच. छिन्नी-हातोड्याच्या या घरात पोरगी वळली पियानोकडे. पंधराव्या वर्षापासून तिने आंतोन रायखांकडे संगीतरचनेचे धडे घेतले. हेच रायखा पुढे बर्लियोझ आणि लिस्ट या नामवंत संगीतकारांचेही गुरू झाले. पॅरिसच्या कोन्झर्व्हात्वारमध्ये, म्हणजे सरकारी संगीतशाळेत, रचनेच्या वर्गात तेव्हा मुलींना घेतच नसत.

सतराव्या वर्षी लग्न झालं. नवरा आरिस्तीद फाराँक बासरीवादक, आणि थोड्याच दिवसांत संगीताचा प्रकाशक. लुईझच्या पियानोच्या रचना घरच्या घरी छापून निघू लागल्या. 1836 मध्ये जर्मनीत संगीतकार रॉबर्ट शुमानने त्यांतल्या एकीचं आपल्या नियतकालिकात कौतुक केलं. शुमान तिला कधी भेटला नव्हता. छापील कागद मात्र त्याच्या टेबलावर पोचला होता.

आणि नेमकं सिंफनी लिहायला घेण्याआधीच आरिस्तीदने प्रकाशनाचा धंदा आवरता घेतला.

आपल्याकडे बंदिश गळ्यातून गळ्यात जाते. सिंफनीचं तसं नाही. पन्नास-साठ वादकांपुढे प्रत्येकाचा कागद हवा. तो छापलेला नसेल, तर दुसऱ्या गावचा वाद्यवृंद ती वाजवणार कशी?

(दृश्य: जुन्या सभागृहाचं चित्र.)

त्यातून तेव्हाचं पॅरिस ऑपेराने झपाटलेलं. तिची पहिली सिंफनी आधी वाजली ती ब्रसेल्समध्ये, 1845 साली. तिसरी, ‘जी मायनर’ या स्वरपट्टीतली, एप्रिल 1849 मध्ये कोन्झर्व्हात्वारच्या नामांकित वाद्यवृंदाने सादर केली. त्याच मैफलीत बेथोव्हनची पाचवी! शेजार असा मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी लोक कशाबद्दल बोलले असतील, सांगायला नको.

तोवर लुईझ त्याच संस्थेत पियानोची प्राध्यापक झाली होती. 1842 पासून जवळजवळ तीस वर्षं तिने तिथे मुलींचा वर्ग घेतला. पगार मात्र पुरुष प्राध्यापकांहून कमी.

मार्च 1850 मध्ये तिचं नोनेट, म्हणजे नऊ वादकांसाठीची रचना, लोकांसमोर आलं. चार तंतुवाद्यं, पाच फुंकवाद्यं. व्हायोलिनवर होता अठरा वर्षांचा योझेफ योआखिम, पुढे युरोपभर गाजलेला. मैफल रंगली. त्याच वर्षी लुईझने संचालक ओबेर यांना पत्र घातलं : इतरांएवढा पगार द्या. ओबेर यांनी तो दिला. टाळ्यांचा आवाज कानांत असतानाच हिशेब मांडायचा असतो, हे या बाईला पक्कं ठाऊक होतं.

(दृश्य: बंद पियानो.)

तिची एकुलती एक मुलगी व्हिक्टोरीन. आईच्याच वर्गात घडलेली, उत्तम पियानोवादक. दीर्घ आजारानंतर 1859 मध्ये ती गेली. त्यानंतर लुईझने जवळजवळ काही रचलं नाही.

मग तिने काय केलं? नवऱ्याच्या जोडीने ती जुन्या उस्तादांच्या मागे लागली. कपाटांत पडून राहिलेलं, लोक विसरलेलं कळफलकांचं संगीत दोघांनी शोधलं, तपासलं आणि 1861 पासून एकेक खंड छापायला घेतला. 1865 मध्ये आरिस्तीद गेला. उरलेलं काम तिने एकटीने रेटलं. 1874 पर्यंत 23 खंड झाले. दुसऱ्यांच्या रचना छापून निघत होत्या. तिच्या तीन सिंफनी तशाच, हाताने लिहिलेल्या.

15 सप्टेंबर 1875 रोजी लुईझ फाराँक गेली. सिंफनी छापून आल्या त्या 1990 च्या दशकाच्या शेवटी, आणि त्याही जर्मनीत.

(दृश्य: वाद्यवृंद. वादक पानं उलगडतात.)

ही तिसरी सिंफनी. सुरुवात होते एकट्या ओबो या फुंकवाद्याने.